बंद करू नये

ऑक्टोबरात दुपारी चारच्या सुमाराला कळंब्याच्या बाजूनं आभाळ दाटून आलं, की लोक दोरीवरचे कपडे काढायला धावतात. मी कान टवकारून बसतो. आधी लांब कुठं तरी गुरगुरतं, मग पंख्याचा वेग उतरतो, मग वीज जाते आणि शेजारच्या दोन-तीन घरांतून एकदम ती किरटी शिट्टी सुरू होते. टूं, टूं, टूं. यूपीएसची. परतीच्या पावसानं इतरांना भिजलेलं सोयाबीन आठवतं, बाजारातला झेंडूचा चिखल आठवतो. मला छातीत धस्स होतं. बायको म्हणते, "आपल्या घरात यूपीएस नाही, कॉम्प्युटर नाही. तुम्ही कुणाच्या बॅटरीसाठी जीव टाकताय?" तिचं म्हणणं बरोबर आहे. पण शरीराला एकदा एखाद्या ऋतूची भीती पाठ झाली, की ते दरवर्षी ती न चुकता म्हणून दाखवतं.

विलासचं डीटीपीचं दुकान कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत पिठाच्या गिरणीला लागून आहे. संगणकाला धूळ चालत नाही म्हणतात. विलासच्या संगणकांनी इतकी वर्षं गहू, ज्वारी, नाचणी आणि उन्हाळ्यात मिरचीसुद्धा खाल्ली आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, वर्षश्राद्धाच्या जाहिराती आणि भाद्रपद लागला की दिवाळी अंक, असा त्याचा धंदा. मी शाळेत मराठी शिकवत होतो तेव्हापासून त्याच्याकडे मुद्रितं तपासायला बसतो. निवृत्त झाल्यावर बसण्याचे तास वाढले, एवढाच फरक. पाच वाजता चहा येतो आणि चहाच्या वासावर दोन माणसं येतात.

पहिला सर्जेराव. लग्नाचे फोटो काढतो, गिरणीच्या पलीकडे त्याचा स्टुडिओ आहे. बाजारात काहीही नवं आलं की आठवड्याच्या आत ते त्याच्याकडे असतं. त्याच्या पीसीची एक बाजू काचेची आहे आणि आत दिवे लागतात, लाल, निळे, जांभळे, आपापल्या मर्जीनं. गणपतीच्या दिवसांत एक म्हातारबा स्टुडिओच्या दारात थांबले, त्यांनी चपला काढल्या आणि त्या पीसीला हात जोडले. हे सर्जेराव अभिमानानं सांगतो.

दुसरे इनामदार साहेब. एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. नव्या यंत्रांबद्दल छापून आलेलं, बोललेलं, दाखवलेलं सगळं त्यांनी वाचलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं असतं, आणि त्या अभ्यासातून ते नेहमी एकाच निष्कर्षाला येतात: थांबा. चार महिन्यांनी पुढची पिढी येते आहे. माझ्या माहितीप्रमाणे ते कैक वर्षं थांबलेले आहेत. आज घेतलेली वस्तू म्हणजे त्यांच्या मते उद्याच्या वस्तूचा अपमान.

"साहेब, ह्येच्यात बत्तीस जीबी रॅम हाय," सर्जेराव सुरू करतो.

"टिकेल किती?"

"तीन वर्साची वॉरंटी हाय की."

"वॉरंटी नाही विचारली. टिकेल किती, ते विचारलं."

"लगीन करताना वैनींच्या घरी जाऊन असंच इचारलंतासा काय वो?"

विलास यात पडत नाही. त्याचं तत्त्व तिसरंच: चालतंय ना, मग हात लावू नका.

मी ऐकत बसतो. मला यातलं तांत्रिक काही कळत नाही, पण भाषा कळते. नव्या यंत्राच्या आगमनाचा सोहळा मी सर्जेरावच्या मोबाइलवर पाहिला आहे. व्यासपीठावर एक काळ्या शर्टातला गृहस्थ येतो आणि गेल्या वर्षी ज्याला त्यानंच अद्वितीय म्हटलं होतं, ते कसं मंद होतं हे हसत हसत सांगतो. समोरचे लोक टाळ्या वाजवतात, म्हणजे ज्यांनी ते मंद यंत्र विकत घेतलं तेच. आमच्याकडे सत्कार समारंभ होतात त्यात आणि यात मला फार अंतर दिसत नाही. शाल नवी, विशेषणं जुनीच. मी आजवर कितीतरी गौरवग्रंथांची मुद्रितं तपासली आहेत. एकाही गौरवमूर्तीनं आयुष्यात चूक केल्याचं त्यांत सापडलं नाही. चुका फक्त छपाईच्या असायच्या, आणि त्या काढायला मी होतो.

काल सर्जेराव पुन्हा नव्या पीसीचा फोटो घेऊन आला. इनामदार म्हणाले, थांबा. बाहेर आभाळ भरत होतं. मी खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं आता कटिंग मशीन ठेवलं आहे. चार वर्षांपूर्वी त्या जागी विलासचं सगळ्यात जुनं मशीन होतं आणि त्याच्या कपाळावर चिकटपट्टीनं लावलेला कागद: बंद करू नये.

ते मशीन विलासनं दुकान सुरू केलं तेव्हाचं. मूळचा रंग पांढरा असावा, मी पाहिला तेव्हापासून तो चहाच्या कपाच्या आतल्या बाजूसारखा होता. मॉनिटर तिसरा, कीबोर्ड सहावा, पंखा दुसरा, तरी विलास त्याला 'तेच मशीन' म्हणायचा आणि आम्हाला कुणाला त्यात चूक वाटायची नाही. आपल्या देहाबद्दलही आपण असंच बोलतो. त्याच्या पाठीमागं काडेपेटीएवढा एक ठोकळा खोचलेला होता. त्याला विलास 'लॉक' म्हणायचा. मराठी अक्षरजुळणीचं त्या काळचं सॉफ्टवेअर हा ठोकळा पाठीला असल्याशिवाय उघडत नसे. चोरून कुणी वापरू नये म्हणून केलेली ती सोय. पुढं ते सॉफ्टवेअर करणारे लोक धंदा बंद करून कुठं गेले कुणास ठाऊक. लॉक राहिलं. आणि हा ठोकळा ज्या खाचेत बसतो ती खाच नव्या संगणकांना देणं कारखान्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीचं पुस्तक त्या मशीनमध्ये होतं. फक्त त्याच मशीनमध्ये.

अक्का जयसिंगपूरला असते. शिरोळ तालुक्याच्या खेड्यांत अडतीस वर्षं नर्स म्हणून हिंडली. सायकलवर, बैलगाडीत, पुरात नावेतून. बाळंतपणं केली, लसी टोचल्या, सासवांशी भांडली. निवृत्त झाल्यावर तिनं ते सगळं सात वह्यांत लिहून काढलं. मी त्या वह्या विलासकडे जुळणीला दिल्या, मुद्रितं तपासली आणि छापायला द्यायच्या महिन्यात दाजी गेले. मग नंतर बघू, असं झालं. नंतर म्हणजे वीस वर्षं. त्या दिवसांत अक्कानं एकदा विचारलं होतं, "वह्यांचं काय करू? कपाटात जागा न्हाय." मी म्हणालो, "दे रद्दीला. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे." जन्मभर मी सरकारवर, वर्तमानपत्रांवर आणि ज्योतिषावर अविश्वास दाखवत आलो. एका यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तोही दुसऱ्याच्या वह्या पणाला लावून.

त्या ऑक्टोबरात तिचा फोन आला.

"बाळू, डॉक्टरनं तारीख दिलीया. दिवाळी झाली की माझं हृदय उघडणार हाईत."

"घाबरू नको अक्का. हल्ली हे फार साधं झालंय."

"मी कशाला घाबरू? जल्मभर दुसऱ्यांस्नीच धीर देत आले. तू माझं पुस्तक काढ. उघडायच्या आधी मला ते हातात पायजे. सगळं."

अक्का एक्याऐंशी वर्षांची होती. तिचा उजवा हात इतका थरथरायचा की चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत वाजायचा. पुन्हा लिहिणं होणार नव्हतं. मी "काढतो" म्हणालो आणि छत्री न घेताच विलासकडे गेलो.

विलासनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "सर, फाइल हाय. पर मशीन आता भरवशाचं न्हाय." श्रावणापासून हार्ड डिस्कमधून कट-कट असा आवाज येत होता. गणपतीत वीज गेली, मशीन बंद पडलं, ते पुन्हा सुरू व्हायला दोन दिवस लागले. म्हणून तो कागद. आता बंद झालं तर परत उठेल याची खात्री नाही. मी खाली वाकून कान लावला. कट-कट, मग थोडी शांतता, मग पुन्हा कट-कट. घड्याळाच्या ठोक्यांत लय असते. यात नव्हती, आणि त्याचीच धास्ती वाटत होती. पुढचा ठोका येईपर्यंत मी श्वास रोखून धरत होतो.

"दुसरी कॉपी?"

त्यानं एक सीडी काढून उजेडात धरली. तिला बुरशी लागली होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यानं तिच्यावर नेच्यासारखी सुंदर नक्षी काढली होती. ती आता कुठल्याच कामाची उरली नव्हती.

पेन ड्राइव्हवर फाइली उतरल्या. त्या घेऊन आम्ही सर्जेरावच्या स्टुडिओत गेलो. त्या लखलखत्या पीसीनं क्षणात फाइल उघडली आणि पडद्यावर चौकोन, त्रिकोण, उद्गारचिन्हं आणि काही फ्रेंचसारखी दिसणारी अक्षरं पसरली. इनामदारांनी कुठून तरी रूपांतर करणारं साधन आणलं. त्यातून जे निघालं त्यात मात्रा एका ओळीत आणि त्यांची अक्षरं दुसऱ्या ओळीत होती. सर्जेराव आपल्या पीसीकडे असा बघत राहिला, की जणू भर मांडवात घरच्याच माणसानं अपमान केला.

"साठ गेम चालत्यात ह्येच्यावर," तो म्हणाला, "आन अक्कांची एक वळ चालंना व्हय?"

त्या पाच वाजताच्या चहाला पहिल्यांदाच कुणी नव्या पिढीबद्दल बोललं नाही. जुन्या मशीनला जोडलेल्या प्रिंटरचे सुटे भाग मिळणं केव्हाच थांबलं होतं. इनामदारांनी पडद्याचं चित्र मशीनच्या आतच साठवायचा उपाय सांगितला. पण दुसरा कुठलाही प्रोग्रॅम उघडला की मशीन हँग व्हायचं, आणि हँग झालं की बंद करावं लागणार. मग इनामदार जरा घुटमळले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "माझ्या घरी एक पीसी आहे. त्याला ती खाच आहे."

सर्जेरावचे डोळे विस्फारले. "म्हंजे जवापास्नं थांबायला सांगताय, तवापास्नं तुमी त्योच वापरताय?"

"चालतोय तो," इनामदार म्हणाले, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विलासचं तत्त्व मोठ्यानं उच्चारलं.

उपाय समोर होता. लॉक इकडून काढायचं, तिकडे लावायचं. पण लॉक काढायला मशीन बंद करायला हवं. तिकडे ते चाललं नाही तर परत इकडे लावायचं, आणि इकडचं मशीन तोवर उठायला हवं.

"वीस वर्षं ते पिना धरून बसलंय," विलास म्हणाला. "ओढलं आणि आतली एखादी पिन तुटली तर? मी हात लावणार न्हाय."

"पण हे आज ना उद्या जाणारच आहे," इनामदार म्हणाले.

"उद्या जाऊ दे की साहेब. आज माझ्या हातनं नको."

माझ्याकडे सगळे बघायला लागले. पुस्तक माझ्या बहिणीचं. आणि मी, इतक्या विद्यार्थ्यांना निर्णयक्षमतेवर निबंध लिहायला लावलेला माणूस, म्हणालो, "जरा विचार करू."

विचार करायला पावसानं वेळ दिला नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ फाटलं. वीज गेली आणि जुन्या मशीनचा यूपीएस शिट्टी घालू लागला. विलास म्हणाला, त्याची बॅटरी सहा मिनिटं चालते, फार तर सात. मी घड्याळ बघत उभा राहिलो. अक्काची अडतीस वर्षं, पूर, सासवा, नाळ कापलेली शेकडो पोरं, सगळी त्या शिट्टीच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत दाटीवाटीनं उभी आहेत असं मला वाटत होतं. पाचव्या मिनिटाला सर्जेराव भिजत आत आला. त्यानं स्वतःच्या स्टुडिओतला मोठा यूपीएस उपसून, खताच्या प्लॅस्टिक पोत्यात गुंडाळून, पोटाशी धरून आणला होता. मशीनची वायर काढली तर मशीन बंद होणार. म्हणून त्यानं जुन्या यूपीएसचीच वायर नव्या यूपीएसात खोचली.

"यूपीएसला यूपीएस लावत नाहीत!" इनामदार ओरडले. "स्पष्ट लिहिलेलं असतं."

"कुठं लिवलंय?"

"डब्यावर."

"डबा स्टुडिओत हाय," सर्जेराव म्हणाला.

शिट्टी थांबली. कट-कट चालू राहिलं. आम्ही चौघं खाली फरशीवर बसलो. बाहेर रस्त्यावरून पाणी वाहत होतं.

उपाय त्या फरशीवर सुचला, आणि तो इतका मागासलेला होता की आमच्यापैकी कुणा हुशार माणसाला आधी सुचला नव्हता. सर्जेराव म्हणाला, "पडद्यावर दिसतंय न्हवं? मग मी फोटो काढतो की. पानापानाचा."

दोन दिवस ते काम चाललं. त्यानं लग्नाचा महागडा कॅमेरा तिकाटण्यावर लावला, बाहेरचा उजेड पडू नये म्हणून मॉनिटरभोवती काळं कापड धरलं. पडद्यावर एका वेळी अर्धंच पान मावायचं. विलास बटण दाबून पान सरकवायचा, सर्जेराव "हां" म्हणून क्लिक करायचा, इनामदार कागदावर पान क्रमांकापुढं खूण करायचे. तीनशेवर पानं, प्रत्येकाचे दोन तुकडे. शेजारची गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि अक्षरं फिसकटायची. मग मी गिरणीवाल्याला हात जोडायला जायचो. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "सर, कुणाचं लगीन चाललंय एवढं?" सर्जेराव आतून ओरडला, "असलं ग्वाड गिऱ्हाईक मिळालं न्हाय कधी! मान वाकडी करत न्हाय, डोळं मिटत न्हाय!"

शेवटचं पान झालं तेव्हा विलासनं मशीनवरून एकदा हात फिरवला. बंद मात्र केलं नाही. ते चालूच राहिलं, दिवाळीत, संक्रांतीला, आणि पुढच्या मार्चात एका सकाळी, लख्ख उन्हात, वीज असताना, कुणाचंही काम नसताना बंद पडलं. आम्ही पावसावर एवढा डोळा ठेवून होतो, त्याला पावसाची गरजच नव्हती. आज सर्जेरावचा त्या वेळचा दिव्यांचा पीसीही जुना होऊन जयसिंगपूरच्या कुठल्या तरी कॉलेजकुमाराकडे गेला आहे. इनामदार थांबले आहेत. आणि अक्का पंच्याऐंशीची आहे. ऑपरेशननंतर तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, ह्या नव्या जोडण्यांची गॅरंटी किती. डॉक्टर म्हणाले, काळजी घेतली तर बरीच वर्षं. "म्हंजे गॅरंटी न्हाय," अक्का म्हणाली. त्या पाच वाजताच्या चहात बसायला ती खरी लायक आहे.

पण माझी धास्ती मशीनसोबत संपली नाही. ती तिथून पुढं सुरू झाली.

फोटोंतलं पुस्तक मी सर्जेरावच्या स्टुडिओत बसून वाचायला लागलो. तो फोटो मोठे करून पडद्यावर लावून द्यायचा आणि विलास आपल्या नव्या मशीनवर पान-पान पुन्हा जुळवायचा. पहिले दोन दिवस मी तरंगत होतो. एक ओळ हरवली नव्हती. अक्का सायकलवरून पडली होती तिथंच पडत होती, पुरात नावाड्याशी भांडत होती तेच शब्द वापरून. वीस वर्षं पीठ खाऊन, बुरशी टाळून, त्या डबड्यानं दिलेलं सगळं जसंच्या तसं सांभाळलं होतं. रोज संध्याकाळी अक्काचा फोन यायचा. "कुठवर आलास?" मी पान सांगायचो. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "हौसाबाईचं आलं का?"

"अजून नाही. पुढं असेल."

पुढं नव्हतं. पाचव्या दिवशी नव्हतं, सहाव्या दिवशी पुस्तक संपलं. मी सर्जेरावला पुन्हा पहिल्यापासून फोटो लावायला सांगितले. एखादं पान सुटलं असेल. इनामदारांचा खुणांचा कागद तपासला. एकही पान सुटलं नव्हतं. इनामदार म्हणाले, "डिस्कचा तो भाग खराब झाला असेल. डेटा असाच जातो, मधला मधला." मला ते स्पष्टीकरण फार आवडलं. मी घरी जाईपर्यंत ते धरून ठेवलं. मग जेवताना, भाताचा घास हातात असताना, मला तांबडी शाई दिसली.

तेरा पानं होती. वीस वर्षांपूर्वी विलासच्या टेबलावर, पहिल्या मुद्रितात, मी ती तेराही पानं तांबड्या रेघेनं आडवी छाटली होती आणि समासात धंद्याच्या रिवाजाप्रमाणे एकच शब्द लिहिला होता: गाळा. विलासनं गाळली. हौसाबाई नदीकाठच्या एका गावातली, पहिलटकरीण. अक्का सकाळी गेली, तपासलं, अजून वेळ आहे म्हणाली आणि पलीकडच्या गल्लीत लसी टोचायला गेली. परत यायला दोन तास लागले. बाई वाचली. मूल गेलं. अक्कानं ते सगळं लिहिलं होतं, स्वतःला कुठंही न वाचवता. मी वाचलं आणि मला वाटलं, कशाला हे? पुस्तकाचं प्रकाशन होईल, गावातली माणसं येतील, व्यासपीठावर तिला खुर्ची असेल. इतकी वर्षं राबलेल्या बाईनं स्वतःच्या तोंडाला काळं का फासावं? शिवाय, मी स्वतःला सांगितलं, भाग जरा पाल्हाळिक आहे. गौरवग्रंथांना मी जन्मभर हसत आलो, आणि सख्ख्या बहिणीच्या वह्यांतून मीच एक काढला. मग वह्या रद्दीला द्यायला लावल्या.

आम्ही महिनाभर विचारत होतो, यातलं काय दगा देईल. डिस्क, लॉक, बॅटरी, सीडी. माझं नाव कुणी घेतलं नव्हतं.

ऑपरेशनला आठ दिवस उरले होते. जयसिंगपूरची एसटी पकडली. वाटेत काळी रानं पाण्यानं चमकत होती. मांडीवर नव्या जुळणीचे छापील कागद होते, विलासनं दोऱ्यानं बांधून दिलेले, आणि मी ते पावसापासून जपत होतो, जणू आता त्यांना पावसानंच धोका होता. खोटं बोलायचं तर सोपं होतं. इनामदारांचं वाक्य तयार होतं, डेटा मधला मधला जातो. अक्काला संगणकातलं काही कळत नव्हतं. सगळ्यांनी दिलेला दोष मुकाट्यानं घेतो, हा त्या यंत्रांचा मोठा गुण आहे, आणि म्हणून आपण त्यांना इतक्या आनंदानं शिव्या घालतो. हातकणंगले मागं गेलं तोवर माझं ठरलेलं होतं. जयसिंगपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पुन्हा ठरलेलं नव्हतं.

अक्का ओसरीत खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर, थरथरणाऱ्यावर दुसरा ठेवलेला. मी कागद तिच्यापुढं ठेवले. तिनं ते उघडले नाहीत.

"हौसाबाई हाय?"

"नाही," मी म्हणालो. "मशीनमधून गेली नाही अक्का. मी काढली होती. तेव्हाच."

तिनं कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "मला ठावं हुतं."

"कधीपासून?"

"तू मुद्रितं दाखवायला आणलीस तवापास्नं. मी आधी त्येच पान हुडकलं. न्हवतं."

"मग बोलली का नाहीस?"

अक्का बाहेर बघत होती. शेजारणीनं वाळत घातलेल्या पोह्यांवर कापड टाकलं, आभाळाकडे बघून काढलं, पुन्हा टाकलं.

"बरं वाटलं मला," ती म्हणाली. "वाटलं, धाकट्या भावानं काढलं, म्या न्हाय काढलं. वीस वर्सं बरं वाटून घेतलं. आता आठ दिसांनी तिकडं टेबलावर झोपायचंय, आणि डॉक्टर म्हणणार, काय न्हाय होत मावशी. तसंच मी हौसाला म्हणलं हुतं. आता बरं वाटत न्हाय." मग आवाज चढला, नर्सचा, गावभर ऐकू जाणारा. "कागद घे. मी सांगते तू लिव. आणि मधी शाणपणा करायचा न्हाय."

मी छापील कागदांतलं शेवटचं पान उलटं केलं, कोरी बाजू वर. अक्कानं डोळे मिटले. ती सांगू लागली, सावकाश, पहिल्यापासून, रस्त्यावर चिखल किती होता, हौसाबाईच्या सासूनं दारात कसा दिवा धरला होता, वेणा किती किती वेळानं येत होत्या. मी लिहीत गेलो. एक पान भरलं, दुसरं भरत आलं. ती थांबली.

"वाच."

मी वाचू लागलो. सासू, दिवा, चिखल, तपासणी. "मला वाटलं, अजून वेळ आहे," मी वाचलं.

"वाटलं न्हाय," अक्का म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "मी तिला म्हणलं. तिच्या तोंडावर म्हणलं. तू वाटलं कुठनं आणलंस?"

मी कागदाकडे पाहिलं. ते माझ्याच अक्षरात होतं. तो शब्द कधी आला ते मला कळलंसुद्धा नव्हतं.

मी तो खोडला आणि तिनं सांगितलेला वर लिहिला. "हां," अक्का म्हणाली, "आता पुढं."